मृणालच्या बरणीतलं विरजण

मृणाल,

तुमचा फ्रिज रिकामा झाल्याची बातमी मला शिरीषने फोनवर दिली. त्याच्या आवाजात थोडं समाधान होतं. तू गेल्यानंतर त्याने पूर्ण केलेलं ते पहिलं काम होतं, म्हणून मी त्याला टोकलं नाही. फक्त विचारलं, "गॅरेजमधलासुद्धा?"

"तोसुद्धा. आत्या म्हणाली, सुतक फिटलं की घरातलं शिळं-आंबलेलं काही ठेवायचं नसतं. व्हिडिओ कॉलवर एकेक कप्पा दाखवायला लावला तिने."

"आणि मागे एक मोठी काचेची बरणी होती ना? मळकट पांढरं, फेस आल्यासारखं काहीतरी असलेली?"

तो हळूच म्हणाला, "मी विचारलं आत्याला. म्हटलं, हे बहुतेक मृणालचं विरजण आहे. ती म्हणाली, विरजणसुद्धा टाक."

तर अशा रीतीने, गेली काही वर्षं तू जे जिवापाड जपलंस ते साताऱ्यात बसलेल्या आत्यांच्या सांगण्यावरून टिलबर्गच्या सिंकमध्ये गेलं. यात कोणाचीच चूक नाही. घरात माणूस गेलं की असंच करतात. पण त्या बरणीवर तू काहीही लिहिलेलं नव्हतंस. लिही म्हणून मी मागे लागले होते, तेव्हा तू हसून म्हणाली होतीस, "दह्याच्या भांड्यावर कोणी चिठ्ठी लावतं का, संपादकबाई?"

लावतात, मृणाल. लावायला हवी होती.

इथल्या, नेदरलँड्सच्या, मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिही, असं मला सांगण्यात आलं. जन्म, शिक्षण, नवऱ्याच्या, म्हणजे शिरीषच्या, व्हिसावर इथे येणं, प्रदर्शनं, हे सगळं त्याच अंकात दुसऱ्या कोणी लिहिलं आहे आणि मी ते तपासून दिलं आहे. दोन चुका होत्या, त्या काढल्या. त्यामुळे आता माझ्याकडे फक्त तुझ्याशी असलेली भांडणं उरली आहेत. तुला माहीत असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा सांगणार आहे, कारण वाचणाऱ्यांना त्या माहीत नाहीत. पुण्याच्या पेपरातली डेस्कवरची नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण ही सवय सुटलेली नाही. तू त्यावरून मला पुरेसं चिडवलं आहेस.

सुरुवात त्या माळरानावर झाली. मी नायमेखनच्या माझ्या घरून आले होते आणि आपण सायकली घेऊन टिलबर्गच्या बाहेर गेलो होतो. पाणथळ जागेच्या कडेला गुडघ्याच्या वर येणारी झुडपं होती. तू थांबलीस, एक पान तोडलंस, चोळलंस आणि माझ्या नाकाशी धरलंस. निलगिरी आणि तमालपत्र यांच्या मधला काहीतरी वास. कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ पलीकडून ओरडले, की याला खाखल म्हणतात आणि हॉप्सची कडू फुलं येण्याआधी बिअरमध्ये हेच घालत. तू त्यांना विचारलंस, "कोण घालत?" त्यांनी खांदे उडवले. "बायका असतील. घरीच करायच्या ना तेव्हा."

एवढ्यावर तू वेडी झालीस. परतीच्या सगळ्या वाटेवर तू मागून एकच वाक्य फेकत होतीस. "बायका असतील! असतील म्हणजे काय गं?"

पुढे आपण दोघींनी वाचलं. तू उत्साहाने आणि मी संशयाने. या देशातल्या गावांत एके काळी बिअर घरोघरी होत असे आणि ती करणाऱ्या बऱ्याचशा बायकाच असत. ब्रेड भाजावा तसं ते स्वयंपाकघरातलं काम होतं. घरापुरती झाली की उरलेली दारातून विकायची. पुढे हॉप्स आले, मोठी पिंपं आली, धंदा वाढला, धंद्याचे संघ झाले आणि संघांत पुरुष बसले. ज्या थोड्या बायका कागदावर उरल्या, त्यांतल्या पुष्कळ 'अमक्याची विधवा' म्हणून उरल्या. इथपर्यंत आपलं एकमत होतं.

तू त्यातून जे उभं केलंस ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कौतुक केलं नाही. शिवण सुटलेली एक जागा दाखवली. तुझ्यावर मी केलेलं बहुतेक प्रेम अशाच पद्धतीचं होतं आणि ते तुला कळत होतं, असं मी धरून चालले आहे. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाकडून तू चक्का बांधायचे पंचे मागवलेस. ते खाखलच्या पानांत उकळून पिवळे केलेस. त्यांवर गोधडीच्या धावदोऱ्याने बायका काढल्यास. ढवळणाऱ्या, उचलणाऱ्या, गाळणाऱ्या, दारात बसून वाट बघणाऱ्या. चेहरे नाहीत, फक्त हात नीट. हे पंचे छतापासून लोंबणार आणि त्यांच्या मधोमध एक लाकडी पिंप असणार. पिंपात बिअर नाही, बिअरचं विरजण. जिवंत यीस्ट, फसफसणारं. आत एक मायक्रोफोन सोडलेला, म्हणजे त्या बुडबुड्यांचा आवाज सगळ्या दालनात ऐकू येईल.

तुझं म्हणणं असं होतं, की ही गोष्ट लिहून नाही, हातातून हातात पुढे गेली. एकीचं बिघडलं की तिने शेजारणीकडून वाटीभर आणायचं. "आपण विरजण मागायला जातो ना, तस्संच," तू त्या डच लोकांना सांगायचीस, आणि मग विरजण म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास घालवायचीस. तुझ्या गल्लीतल्या ज्या आजी घरी बिअर करत, त्यांनी तुला वाटीभर दिलं होतं. त्या आता नाहीत. तूही नाहीस. म्हणून ती बरणी महत्त्वाची होती. हे मी शिरीषला फोनवर सांगितलं नाही. त्याला ते सांगायच्या आधीच कळलं होतं.

आता टोपीचं भांडण.

तुला एका बाईच्या डोक्यावर उंच, काळी, टोकदार टोपी हवी होती. चेटकिणीची असते तशी. बाजारात गर्दीतून उठून दिसावं म्हणून बिअर विकणाऱ्या बायका अशा टोप्या घालत, त्यांच्या दाराशी झाडू टांगलेला असे, धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून मांजर असे, आणि पुढे यातूनच चेटकीण तयार झाली, असं तू कुठेतरी वाचलंस. इंटरनेटवर ते सगळीकडे आहे. मी त्याचा माग काढला. एकाने दुसऱ्याचं उचललं होतं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. मुळाशी काही सापडलं नाही.

"हे पाटीवर जाणार नाही," मी म्हटलं. प्रदर्शनाच्या पाट्या मी लिहायच्या असं आपलं ठरलं होतं.

"पण खरं असू शकतं ना?"

"असू शकतं, हे आम्ही छापत नाही."

"आम्ही म्हणजे कोण गं? तू चिप बनवणाऱ्या कंपनीची माहितीपत्रकं तपासतेस!"

"तीसुद्धा मी अशीच तपासते."

"हे बघ." तू सुई खाली ठेवलीस. तू सुई खाली ठेवलीस की मला भीती वाटायची. "त्या बायकांबद्दल कोणी लिहिलंच नाही. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. आणि तू मला म्हणतेस, लिखित पुरावा आण. म्हणजे जिच्याबद्दल लिहिलं नाही ती नव्हतीच?"

"ती नव्हती असं मी म्हणत नाही. टोपी होती असं तू म्हणू नकोस."

"माझा पंचा आहे."

"माझी पाटी आहे."

शिरीष चहा घेऊन आला, आपले चेहरे पाहिले आणि चहा ठेवून उलट्या पावली गेला. हे भांडण आपण फोनवर, ट्रेनमध्ये, एकदा हाउसआर्ट्सच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, वेटिंग रूममध्येही केलं. तिथल्या बाईंनी आपल्याला आवाज कमी करायला सांगितलं. तू त्यांना डचमध्ये म्हणालीस, "सॉरी, आमचं टोपीवरून चाललंय." त्यांनी दोघींच्या डोक्यांकडे पाहिलं.

मग तुझे उपचार सुरू झाले. जिवंत आंबवलेलं काही हाताळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. यीस्टवर कलाकृती उभारणाऱ्या बाईला यीस्टची बंदी. तुला हे भयंकर विनोदी वाटलं, मला अजिबात नाही. तू त्यातूनही काम काढलंस. एक बरणी हात न लावता गॅरेजच्या फ्रिजमध्ये, थंडीत ते झोपून राहतं म्हणून. एक विमानतळाजवळ बाडहूव्हडॉर्पला राहणाऱ्या तुझ्या मैत्रिणीकडे, ज्योतीकडे. आणि एक माझ्यासाठी.

मी नको म्हटलं. बातमी लिहिणाऱ्याने बातमीत असू नये. पाटी मी लिहिणार, तर मी त्या साखळीत कशी बसणार?

"ही बातमी नाही गं. बरणी आहे."

"तरीही."

तू गुडघ्यांवरची शाल सारखी केलीस आणि म्हणालीस, "तुला ना, स्वतःच्या बारशालासुद्धा वार्ताहर म्हणूनच बोलावलं असणार." मला हसू आलं आणि विषय संपला. बरणीचं मी म्हणाले ते मला आजही बरोबर वाटतं. फक्त त्यानंतर तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. तू एखादं भांडण सोडून देणं हे तुझ्या रिपोर्टांपेक्षा वाईट लक्षण होतं, आणि मी ते तेव्हा ओळखलं नाही.

फ्रिज रिकामा झाल्याचं मी मरायकेला कळवलं. प्रदर्शनाची ती जागा, म्हणजे टिलबर्गची जुनी लोकरीची गिरणी, ती बघते. तुझी मरायके. तुला आवडायची, कारण ती कमी बोलायची. त्या दिवशी ती बोलली. दुकानातून नवं यीस्ट आणून पिंपात घालणं खोटेपणा होईल, असं तिचं मत पडलं. साखळी तुटली असेल तर पिंप रिकामंच ठेवावं. पंचे, शांतता आणि मधोमध रिकामं पिंप. तीही एक ताकदीची गोष्ट होईल. तुझ्या जाण्याची.

मला ती कल्पना पटण्यासारखी वाटली, हेच वाईट. ती सुंदर होती, खरी होती, पाटीसाठी सोपी होती. आणि तुला ती अजिबात आवडली नसती. "रिकामं पिंप बघायला कशाला यायचं कोणी?" तू म्हणाली असतीस. "घरी रिकामी भांडी नसतात का लोकांच्या?" जिवंत बायकांवर काम करताना तुला शोकसभा नको होती. शिरीषलाही नको होती. तो मला फोनवर एवढंच म्हणाला, "रिकामं नको गं. रिकामं मीच केलंय ना ते."

मी मरायकेला म्हटलं, बाडहूव्हडॉर्पला अजून एक बरणी आहे. आणण्याआधी त्यातल्या यीस्टला थोडं खायला घाल, असं मरायके म्हणाली. मी वाटेत मॉल्टची पूड घेतली आणि शनिवारी सकाळी ज्योतीच्या दारात उभी राहिले.

ज्योती विमानतळावर कार्गोच्या पाळ्या लावते. जगात कुठलं खोकं कुठल्या विमानात आहे हे तिला पाठ असतं. म्हणून तुझी बरणी तिच्याकडे सुरक्षित असेल, असा माझा अंदाज होता.

"बरणी?" ती म्हणाली. डोक्यावरून एक विमान गेलं आणि ते जाईपर्यंत ती थांबली, बहुधा त्यासाठी आभारी होऊन. "ती गं... ती मी वापरली."

"वापरली म्हणजे?"

"डोशाच्या पिठात घातली."

मी खुर्चीवर बसले.

"अगं, थंडी होती! इथे थंडीत पीठ फुगतं का कधी? ओव्हनचा दिवा लावून ठेवायचं, रजईत गुंडाळून ठेवायचं, काही होत नाही. मृणालने बरणी दिली ती पार्किंगमध्ये, माझी पाळी सुटली होती, डोळे मिटत होते. ती काय काय सांगत होती, बायका, पिंपं, जुना काळ. मी म्हटलं, बाई आजारी असून आपल्यासाठी आंबवण घेऊन आली. किती मनाला भिडलं माझ्या! आणि पीठ असं फुगलं ना, पातेल्याबाहेर आलं."

"सगळं घातलंस?"

"सगळं."

मृणाल, तू जिथे असशील तिथे या जागी हसत असणार, याची मला खात्री आहे, आणि मला याचा अतिशय राग आला. तुला समजावून सांगायला वेळ होता. तू मध्ययुग सांगत बसलीस आणि 'हे खायचं नाही' एवढं सांगायला विसरलीस.

मी निघायच्या बेताने उठले, तेव्हा ज्योती म्हणाली, "पण पीठ आहे ना."

"कुठलं पीठ?"

"तेच. म्हणजे तेच नाही, पण तेच. दर वेळी डावभर मागे ठेवते आणि पुढच्यात घालते. माझी आई करायची तसं. तेव्हापासून एक शनिवार सुटलेला नाही. पोरगी डोशाशिवाय दुसरं काही मागतच नाही."

तिने फ्रिजमधून डबा काढला. आपण दोघींनी वाचलं होतं तेवढ्यावरून यीस्ट त्यात जगलं असण्याची शक्यता होती. नसण्याचीही होती. मी मॉल्ट कोमट पाण्यात विरघळवलं, त्यात डावभर पीठ घातलं आणि काचेच्या भांड्यावर तिचा एक पंचा टाकला. मग वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. ज्योतीने डोसे घातले. मी नको म्हणत होते. "तुला नको असेल तर मृणालच्या नावाने खा," ती म्हणाली, म्हणून खाल्ले.

दुपार कलताना ज्योतीच्या मुलीने पंचा उचलून पाहिला आणि डचमध्ये काहीतरी ओरडली. मी जाऊन पाहिलं. वर जाड, तपकिरी फेस आला होता आणि तो हळूहळू श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता. वास डोशाचा होता, बिअरचा होता, आणि कशाचा तरी होता जो मला तुझ्या स्टुडिओतून आठवत होता. शेवटच्या गोष्टीला पुरावा नाही. तिला मी वगळते.

मी मरायकेला व्हिडिओवर दाखवलं. तिने विचारलं, "हे तेच आहे का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तेच असेल. ज्योतीच्या स्वयंपाकघरातलं असेल. दोन्ही मिसळलेलं असेल."

"मग पाटीवर काय लिहायचं?"

"हेच."

ती म्हणाली, "चालेल. पण नाव लागेल. कोणी जपलं त्याचं पूर्ण नाव. मृणालची ती एकच अट होती."

ती अट मला माहीत होती. तुझं नाव कोपऱ्यात, बारीक. मोठ्या अक्षरात ज्यांनी बरण्या सांभाळल्या त्यांची. मी तेव्हा विरोध केला होता. काम जिचं, तिचं नाव वर, असा माझा साधा हिशेब होता.

ज्योतीने मात्र हात जोडले. "नाव नको गं बाई. कोणीतरी फोटो काढेल, फेसबुकवर टाकेल, जळगावला सासूबाई बघतील. बिअरच्या पिंपाखाली माझं नाव! त्यांना मी इथे रोज एकादशी करते असं वाटतं."

"बिअर नाही ती."

"त्यांना सांगशील का तू?"

"मग काय लिहू?"

"लिही, बाडहूव्हडॉर्पची एक बाई. किंवा यांचं नाव घाल ना. अमक्याची बायको. ते चालतं सगळ्यांना."

आणि मी चिडले, मृणाल. पुण्याच्या डेस्कवर मी कधी चिडले नव्हते तशी चिडले. मी तिला म्हटलं, की याच रीतीने त्या सगळ्या गेल्या. कोणी खोडल्या नाहीत, कोणी जाळल्या नाहीत. 'माझं नाव कशाला', 'यांचं घाला', असं म्हणत गेल्या. मृणालने हेच सांगायला एवढे पंचे शिवले, आणि तू तिचीच मैत्रीण असून तेच करतेस? मी बरंच बोलले. मध्येच लक्षात आलं, की हे माझं म्हणणं नाही. हे तुझं म्हणणं आहे. तुझ्याच शब्दांत, तुझ्याच चढ्या आवाजात, आणि त्यातल्या निम्म्याला माझ्याकडे काही आधार नाही.

ज्योती तव्याकडे बघत उभी होती. तिला हे सोपं नव्हतं. सासूबाईंचा फोन रोज येतो, तो मला नाही येत. शेवटी तिने उलथणं खाली ठेवलं.

"लिही," ती म्हणाली. "पूर्ण नाव लिही. पण मग डोसे चांगले झाले होते, हेही लिही."

भांडं बरणीत ओतून मी निघाले. गिरणी सोमवारपर्यंत बंद होती, त्यामुळे बरणी माझ्याकडेच राहणार होती. नायमेखनच्या गाडीत ती माझ्या मांडीवर होती. झाकण घट्ट लावायचं नसतं, एवढं तुझ्यामुळे माहीत होतं. दर थोड्या वेळाने ती सुस्कारा सोडायची. समोरचा विद्यार्थी एकदा बरणीकडे, एकदा माझ्याकडे बघायचा. बातमी लिहिणाऱ्याने बातमीत असू नये, हे माझं तत्त्व मांडीवर फसफसत होतं. तुला जे माझ्याकडून करून घ्यायचं होतं ते तू असं करून घेतलंस. याबद्दल आभार मानावेत की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सोमवारी यीस्ट पिंपात गेलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शिरीष आणि मी पंचे टांगायला गेलो. तो शिडीवर, मी खाली. एकेक पंचा उलगडून, सुरकुती काढून मी वर द्यायची. दारात बसून वाट बघणाऱ्या बाईचा पंचा उलगडला तेव्हा त्याच्यातून उजेड आला.

तिच्या डोक्याच्या वर, कापडात, बारीक भोकांच्या दोन ओळी होत्या. खाली लांब, वर जवळजवळ येत एका टोकाला मिळणाऱ्या. एका ठिकाणी काळ्या दोऱ्याचं टोक राहून गेलं होतं.

तू टोपी शिवली होतीस. आणि उसवली होतीस.

"कधी केलं हे तिने?" मी शिरीषला विचारलं.

"उसवलं ते शेवटी शेवटी. दुपारभर बसली होती. हात थरथरायचे. मी म्हटलं, मी काढून देतो, कात्री दे. तर म्हणाली, नको, तू कापड कापशील."

"काही म्हणाली का? का काढते वगैरे?"

त्याने वर हुक अडकवला. "म्हणाली, संपादकबाई ऐकणार नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, बरोबर आहे तिचं. पण तिला सांगू नकोस, लगेच फुगेल."

मी तुझ्यावर किती वैतागले आहे, हे तुला कसं सांगू? इतकी वर्षं आपण भांडलो. प्रत्येक मुद्दा मी लक्षात ठेवला. पुढच्या वेळी काय बोलायचं याची तयारी करून ठेवली होती, ती तशीच पडून आहे. आणि तू थरथरत्या हाताने, दुपारभर बसून, एकटीने तडजोड करून टाकलीस. मला कळवलं नाहीस. मला उत्तर द्यायची संधी दिली नाहीस. मी म्हणाले असते, राहू दे ती टोपी. पाटीवर जाणार नाही, पण पंचा तुझा आहे. मी खरंच म्हणाले असते. हे आता कोणालाच तपासता येणार नाही.

तर पाट्या. पिंपाखालची पाटी अशी आहे. वर ज्योतीचं नाव, पूर्ण, मोठ्या अक्षरात. त्याखाली: 'हे यीस्ट मृणालला तिच्या शेजारणीने दिले आणि मृणालने ज्योतीला. ज्योतीने ते चुकून डोशाच्या पिठात घातले आणि दर वेळी थोडे मागे ठेवले. पिंपातले यीस्ट तेच आहे की नाही, हे सांगता येत नाही. डोसे चांगले झाले.' शेवटच्या वाक्याबद्दल मरायकेने विचारलं, की हे ठेवायचंच का. मी म्हटलं, या पाटीतलं मी स्वतः पडताळून पाहिलेलं ते एकमेव वाक्य आहे.

उद्घाटनाला गर्दी होती. ज्योती जरीची साडी नेसून आली, आपल्या नावाशेजारी उभी राहिली आणि कोणालाही फोटो काढू देईना. मग मुलीने एक काढला तेव्हा तिने पदर नीट केला. शिरीष पिंपाजवळून हलला नाही. दालनभर बुडबुड्यांचा आवाज होता, कोणीतरी सतत काहीतरी सांगायचा प्रयत्न करत असावं तसा.

दारात बसलेल्या बाईच्या पंच्याखाली आधी पाटी नव्हती. मरायकेकडून एक कोरं कार्ड मागून घेऊन मी ती आदल्या दिवशीच लिहिली. जागा कमी होती, वाक्यं लहान करावी लागली. इतिहासाबद्दल मी तिच्यात काहीही म्हटलेलं नाही. मराठीत ती अशी होते:

'हिच्या डोक्यावर उंच टोपी होती. आता नाही. खुणा कापडावर आहेत.'